तेल्याचे डाळिंब, टेल प्रथिन आणि ग्रुपांवर फिरणारी भीती

सांगोला-मंगळवेढ्याकडच्या डाळिंब बागायतदारांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: 'तेल्याच्या जंतूत टेल नावाचे प्रथिन असते. त्यात चार अक्षरे भरली की ते हव्या त्या जनुकावर अचूक बसते आणि जनुक कापते. तेल्याचे डाळिंब खाल्ले तर तुमचा डीएनए बदलेल.' तेल्या म्हणजे डाळिंबाच्या पानांवर-फळांवर तेलकट डाग पाडणारा रोग. मजकुरातला एक धागा खरा आहे. बाकीची ठिगळे मात्र फुकाफुकी बाजारभाव पाडतात, म्हणून एकेक उसवून पाहू.

'तेल्याच्या जंतूत'. तेल्या झँथोमोनास वंशाच्या जिवाणूमुळे होतो आणि टेल प्रथिनेही याच वंशात सापडली, इथवर बरोबर. पण 2009 मध्ये त्यांची लिपी उलगडली ती मिरची आणि भातावरच्या जिवाणूंवरून. भावकी एक म्हणून प्रत्येकाकडे तेच हत्यार असते असे नाही. कोबीवर घाण्या रोग आणणाऱ्या याच वंशातल्या काही जिवाणूंकडे एकही टेल नाही.

'चार अक्षरे भरली की'. खरा धागा हाच, आणि तो फार देखणा आहे. ही अक्षरे म्हणजे डीएनएची ए, सी, जी आणि टी. या प्रथिनात साधारण 34 अमिनो आम्लांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तुकड्यातुकड्यांत फरक असतो तो मुख्यतः 12व्या आणि 13व्या जागी. तिथल्या दोन अमिनो आम्लांच्या आद्याक्षरांची जोडी एचडी असेल तर तुकडा सी वाचतो, एनआय असेल तर ए, एनजी असेल तर टी, एनएन असेल तर जी. म्हणजे सीएजीटी वाचायचे तर एचडी, एनआय, एनएन, एनजी. सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड मागावर एका पुठ्ठ्याला एक आडवा धागा, तसे इथे एका तुकड्याला एक अक्षर. ही माळ डीएनएच्या रुंद खाचेत वेटोळे घालून बसते. अक्षराशी भिडते ती 13वी जागा. 12वी नुसते वळण धरून ठेवते.

'अचूक'. इथे मजकूर सपशेल चुकतो. एनएन हे जीबरोबर एलाही धरते. जी नक्की हवा तर एनएच घालतात, पण त्याची पकड कमी भरते. प्रथिनाला जिथे बसायचे त्या डीएनएच्या पत्त्याच्या आधी टी लागतो. सीवर मिथाइल गट (छोटी रासायनिक खूण) असेल तर एचडी नीट बसत नाही. सुरुवातीच्या तुकड्यांतली चूक महागात पडते, शेवटच्या एकदोन चुका मात्र खपून जातात, आणि त्यामुळेच प्रथिन भलत्या ठिकाणीही बसू शकते. शिवाय प्रयोगशाळेत अशा प्रथिनाचे जनुक जुळवणे हीच कसोटी आहे. 18 अक्षरे वाचायला सुमारे 1800 बेसची (म्हणजे डीएनएच्या अक्षरांची), सारख्याच तुकड्यांची माळ लागते. पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढताना) अर्धवट प्रत शेजारच्या तुकड्याला चिकटते आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर शंभर-शंभर बेसच्या अंतराने शिडी उमटते. ती दिसली म्हणून जुळणी फसली असे समजू नये. खात्री करायची तर कर्तक विकराने (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या एन्झाइमने) कापून लांबी मोजावी आणि दोन्ही टोकांकडून क्रम वाचावा. मधला भाग धूसर येतो, तिथे वेगळा प्रायमर (वाचन सुरू करून देणारा डीएनएचा छोटा तुकडा) लावावा.

'कापते'. टेल कापत नाही. वनस्पतीच्या जनुकाशेजारी बसून ते जनुक सुरू करते, एवढेच. कापायला प्रयोगशाळेत त्याच्या शेपटाला फॉकवन विकराचा कापणारा भाग जोडतात. तोही जोडीनेच चालतो, म्हणून डीएनएच्या समोरासमोरच्या धाग्यांवर दोन प्रथिने, मध्ये साधारण 14 ते 20 अक्षरांची मोकळी जागा ठेवून बसवावी लागतात.

'खाल्ले तर'. जिवाणू ही प्रथिने सुईसारख्या नळीतून झाडाच्या जिवंत पेशीत टोचतो. आपल्या पोटात गेलेले प्रथिन डाळीच्या प्रथिनासारखेच पचते. तेल्याचे डाग सालीवर असतात. फळ तडकले असेल तर भेगेतून बुरशी शिरून दाणे सडतात. तेवढे फळ बाजूला काढा, बाकीचे खुशाल खा.