छंदाच्या रकान्यात काय लिहायचं?

भाची एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होती. शिक्षण, गुण, अनुभव सगळं भरून झालं आणि 'छंद' या रकान्यापाशी गाडी अडली. रात्री साडेदहाला तिचा फोन.

"मावशी, छंद काय लिहू गं? वाचन तर सगळेच लिहितात. ट्रेकिंग लिहिलं तर धाडसी वाटेन ना? की बुद्धिबळ लिहू? हुशार वाटेन."

"तू बुद्धिबळ कधी खेळतेस?"

"खेळत नाही, पण येतं की. आणि कोण तपासतंय तिथे!"

त्या रात्री मी तिला नीट उत्तर दिलं नाही. नंतर चार दिवस तो प्रश्न डोक्यात घोळत राहिला, म्हणून हे लिहितेय.

कोणता छंद लिहिला की माणूस चांगला वाटतो, हा प्रश्नच मला पटत नाही. पण त्याच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. छंदावरून माणूस कळतो का? माझ्या मते कळतो. पद, पगार, पदवी यांवरून कळतो त्याहून जास्त कळतो. फक्त छंदाच्या नावावरून कळत नाही. नोकरीत काही वर्षं मी मुलाखती घेणाऱ्यांत बसले आहे. 'वाचन, संगीत, प्रवास' हे तीन शब्द इतक्यांदा वाचलेत की नजर त्यांवरून नुसती पुढे सरकते. मग मी एक प्रश्न विचारायला लागले, "यात तुमचं शेवटचं काय बिघडलं?" ज्यांचा छंद कागदापुरता असतो ते इथे गप्प होतात. एक मुलगी मात्र बागकाम लिहून आली होती. तिने गुलाबाची सहा कलमं लावली होती, सहाही कुजली. आधी तिला वाटलं माती वाईट. मग वाटलं काडीच जून होती. शेवटी लक्षात आलं की रोज मायेने घातलेलं पाणीच जास्त होत होतं. हे सांगताना आपण मुलाखतीला बसलोय याचाही तिला विसर पडला होता. दोष मातीवरून काडीवर आणि काडीवरून स्वतःच्या हातावर कसा येत गेला, ते तिने न अडखळता सांगितलं. मला तिच्याबद्दल जे जाणून घ्यायचं होतं ते तेवढ्यात कळलं.

'छंद' हा शब्द मला फार आवडतो. छंद माणसाला जडतो. आणि कवितेच्या वृत्तालाही आपण छंदच म्हणतो. छंदात लिहायची कोणी सक्ती करत नाही. पण एकदा लिहायचं ठरवलं की मात्रा मोजाव्या लागतात, यती, म्हणजे ओळीतला ठरलेला थांबा, सांभाळावी लागते. एक मात्रा कमी पडली तर दुसऱ्या कोणाला कळो न कळो, लिहिणाऱ्याला कळतंच. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. आपखुशीने घेतलेलं बंधन म्हणजे छंद. बंधन गळून गेलं आणि नुसती मर्जी उरली की त्याच शब्दातून 'छंदीफंदी' निघतो.

मला हे आईने शिकवलं, तेही एक अक्षर न बोलता. आई विणायची. मी नऊ-दहा वर्षांची असताना तिच्याशेजारी बसून सुलट-उलट टाके शिकत होते. एकदा तिच्या स्वेटरची पाठ जवळजवळ पूर्ण झाली होती. तिने ती उजेडात धरली आणि थांबली. खाली, बऱ्याच ओळी मागे, एक टाका उलटऐवजी सुलट पडला होता. मला दाखवल्यावरही तो मला सापडेना. अंगात घातल्यावर तर तो कोणालाही दिसला नसता. आईने सुई काढून घेतली आणि ओळीमागून ओळ उसवायला लागली. उसवलेली लोकर नागमोडी असते, टाक्यांची वळणं तिच्यात राहून गेलेली असतात. ती सैलसर गुंडाळत तिने मला गुंडा धरायला दिला. चिडचिड नाही, उसासा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथून सुरुवात. तो स्वेटर दूरच्या नात्यातल्या एका बाळासाठी होता, आणि बाळ तो एका हिवाळ्यापुरतंच घालणार होतं.

मी आज पन्नाशीत आहे. माणसावर विश्वास टाकायची वेळ आली की मला तो नागमोडी गुंडा आठवतो. कोणी बघत नसताना, पैसे मिळत नसताना, हे माणूस उसवेल का?

छंदाचं मोल मला इथेच वाटतं. नोकरीत चूक लपवली तर साहेब आहे, हिशेब तपासणारे आहेत, नियम आहेत. छंदात यातलं कोणीच नसतं. तिथे माणूस जसा वागतो तसाच तो असतो.

आकाश बघणाऱ्या हौशी लोकांचंच घ्या. काही ताऱ्यांचं तेज कमी-जास्त होत राहतं. त्यांना रूपविकारी तारे म्हणतात. त्यांच्या नोंदी ठेवणारी एक संघटना अमेरिकेत 1911 साली सुरू झाली आणि जगभरातले हौशी निरीक्षक आजही तिला नोंदी पाठवतात. पद्धत साधी आहे. शेजारच्या ज्या ताऱ्यांचं तेज माहीत आहे त्यांच्याशी तुलना करून आपल्या ताऱ्याचं तेज ठरवायचं. यात नियम असा की तारा जसा दिसला तसाच लिहायचा. काल अमुक होता म्हणजे आज तमुक असणार, असं मनाशी धरून लिहायचं नाही. आणि तारा दिसलाच नाही तर तेही लिहायचं, की तुलनेतला अमुक फिकट तारा मला दिसला, हा त्याहूनही फिकट असला पाहिजे. थंडीत दोन तास डोळा लावून बसायचं आणि 'दिसला नाही' अशी नोंद पाठवायची! मला या नोंदीबद्दल फार आदर वाटतो. पक्षी बघणाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ईबर्ड या संकेतस्थळावर यादी भरतानाही विचारतात, ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही यात लिहिलेत का? दुर्मीळ तेवढे लिहून कावळे-चिमण्या गाळल्या, तर उद्या चिमण्या कमी झाल्या की नाही हे कोणाला सांगताच येणार नाही. पक्षी नेमका ओळखता आला नाही तर 'कोणतातरी शिकारी पक्षी' एवढंच लिहायचीही सोय तिथे आहे. ज्याला ती सोय वापरायची लाज वाटत नाही, त्या माणसाच्या बाकीच्या यादीवर मी डोळे झाकून विश्वास ठेवीन.

गोल्फ मला कळत नाही, पण बॉबी जोन्सची गोष्ट पाठ आहे. तो आयुष्यभर हौशी खेळाडूच राहिला. 1925 च्या यूएस ओपनमध्ये फटका मारायच्या तयारीत असताना आपला चेंडू किंचित हलला, असं त्याने स्वतःच सांगितलं. दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. तरी त्याने एक फटका दंड स्वतःवर लावून घेतला. शेवटी बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक सामन्यात तो हरला. त्या एका फटक्याचा दंड नसता तर स्पर्धा त्याने तिथेच जिंकली असती.

आता याची दुसरी बाजू. छंद सौम्य आहे म्हणून माणूस सौम्य निघेलच, असं मुळीच नाही. घरट्यातल्या पिल्लांचा फोटो स्वच्छ यावा म्हणून आजूबाजूची पानं-फांद्या छाटणारे लोक आहेत. त्याने पिल्लांवर थेट ऊन येतं, शिकाऱ्याच्या नजरेला घरटं उघडं पडतं. फोटो सुंदर येतो, हजारो लोकांना आवडतो. अर्जात हा माणूस 'निसर्ग छायाचित्रण' असं लिहितो आणि वाचणाऱ्याचं त्याच्याबद्दल चांगलं मत होतं.

आणखी एक गोष्ट मी हल्ली मुद्दाम बघते. हा छंद कोणाच्या जिवावर चाललाय? विल्यम हर्शेल पेशाने संगीतकार होता. खगोलशास्त्र हा त्याचा छंद. स्वतः आरसे घासून त्याने दुर्बिणी बनवल्या आणि 13 मार्च 1781 ला घराच्या बागेतून युरेनस शोधला. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. त्याच्या बहिणीने, कॅरोलिनने, आठवणींत लिहून ठेवलंय की एक आरसा घासताना त्याने सोळा तास हात उचलला नव्हता, आणि तेव्हा तिने त्याला घास घास भरवलं होतं. ती उत्तम गायची. भावाचं वेड वाढत गेलं तसं तिचं गाणं मागे पडलं. पुढे तिने स्वतः आठ धूमकेतू शोधले. 1828 मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने तिला सुवर्णपदक दिलं, आणि ते पदक दुसऱ्या स्त्रीला मिळायला 1996 उजाडलं. हर्शेलची जिद्द थोरच, त्यात वाद नाही. पण 'मी माझ्या छंदाला वाहून घेतलंय' असं कोणी सांगितलं की माझ्या मनात त्या घास भरवणाऱ्या हाताचा विचार येतोच. हौस म्हणून बिनतारी रेडिओवरून दूरच्या लोकांशी बोलणाऱ्या हॅम रेडिओवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. 1928 मध्ये पॉल सीगल नावाच्या हौशी रेडिओचालकाने या छंदाची एक आचारसंहिता लिहिली. त्यात दुसऱ्यांचा आनंद कमी होईल असं वागू नये, नवख्याला सबुरीने शिकवावं अशा गोष्टी आहेतच. शिवाय हेही आहे की रेडिओ हा छंद आहे, त्यापायी घर, काम, शिक्षण, समाज यांच्याबद्दलच्या कर्तव्यांत कसूर होता कामा नये. छंदाच्या नियमांतच छंदाची हद्द आखून ठेवणारी ही माणसं मला फार शहाणी वाटतात.

मात्र माझा सगळ्यात लाडका माणूस मायकेल व्हेंट्रिस. पेशाने वास्तुरचनाकार. चौदा वर्षांचा असताना, 1936 मध्ये, एका प्रदर्शनात त्याला कळलं की क्रीट बेटावर सापडलेल्या मातीच्या फळ्यांवरची लिपी अजून कोणालाही वाचता आलेली नाही. ते त्याच्या डोक्यात बसलं. पुढे नोकरी, युद्ध, संसार सगळं चालू असताना तो त्या लिनिअर बी लिपीची चिन्हं मांडून बघत राहिला. त्याची पक्की समजूत होती की ही भाषा प्राचीन इटलीतल्या एट्रुस्कन भाषेच्या जवळची असणार. आपलं काम तो टिपणांच्या रूपात इतर अभ्यासकांना पाठवत राहायचा, अर्धवट असलं तरी, चुकत असलं तरी. आणि 1952 मध्ये त्याचीच मांडणी त्याला ग्रीक भाषेकडे न्यायला लागली. किशोरवयापासून जपलेलं मत एकीकडे आणि समोरची चिन्हं दुसरीकडे. त्याने मत सोडलं. त्याच वर्षी जुलैत बीबीसी रेडिओवर त्याने सगळ्यांना सांगितलं की ही भाषा ग्रीकच आहे. 1956 मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो अपघातात गेला. लिपी उलगडण्याची बुद्धी मला कधीच मिळणार नाही. पण स्वतःचं लाडकं मत असं उसवता येणं, ते तरी जमावं असं मनापासून वाटतं.

एक मात्र ठामपणे सांगायचंय. छंदाचा रकाना कोरा असला म्हणून कोणी कमी ठरत नाही. दोन ठिकाणी काम करून घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं करणाऱ्या बाईला 'तुमचा छंद काय?' असं विचारणंही मला निर्दयपणाचं वाटतं. तिच्याकडे वेळच नाही. मुलाखत घेणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर एवढं लक्षात ठेवा.

तर, भाची. चार दिवसांनी मीच तिला फोन केला आणि विचारलं, "रात्री लॅपटॉप उघडून काय करत बसतेस गं तू?"

"ते होय? ते विकिस्रोतावरचं. जुन्या पुस्तकांची स्कॅन केलेली पानं असतात, त्यांचा मजकूर तपासायचा. तो काय छंद आहे का!"

मग तिने समजावलं. पान आधी लाल असतं. एकाने ओळन् ओळ मूळ छापील पानाशी ताडून तपासलं की पिवळं होतं. आणि हिरवं करायचं तर दुसऱ्याच माणसाने पुन्हा तपासावं लागतं, स्वतःचं पान स्वतः हिरवं करता येत नाही. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तकं असली की 'कांहीं', 'नाहीं' यांवरचे सगळे अनुस्वार जसेच्या तसे ठेवायचे. हात शिवशिवला तरी आजच्या पद्धतीने 'सुधारायचं' नाही, कारण ते पुस्तक दुसऱ्याचं आहे. आणि स्कॅन फाटका असेल, अक्षर लागतच नसेल, तर अंदाजाने शब्द घालायचा नाही. पान निळं करायचं. निळं म्हणजे इथे अडचण आहे.

"तुझी किती निळी आहेत?"

"बरीच आहेत. एक शब्द तर मला नव्याण्णव टक्के माहितीये मावशी, संदर्भावरून कळतोच. पण दिसत नाही ना तो पानावर."

मी तिला म्हटलं, हे लिही. अगदी असंच लिही, त्या निळ्या पानांसकट.

तिने काय लिहिलं ते मी विचारलेलं नाही. परवा तिने मला तिच्या एका पिवळ्या पानाची लिंक पाठवली आणि म्हणाली, तू तपास. मी खातं उघडलं, चष्मा लावला आणि तासभर एक पान वाचलं. खालून चौथ्या ओळीत 'त्यांत' मधला अनुस्वार राहून गेला होता. मी तो घातला, पान हिरवं केलं आणि तिला कळवलं. तिचं लगेच उत्तर आलं, "बरं झालं सापडला. आता पुढचं पान घेतेस का?"