रेंजरचा कोट अन् टँकरचा पाइप

फॉलआउट न्यू वेगस या व्हिडिओ गेमच्या कव्हरवरचा रेंजर आठवतोय? लांब कोट, तोंडावर मास्क, लाल डोळे. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या पोरांचा डीपी तोच. गेम २०१० चा, पण त्या कोटाची भुरळ काही उतरेना. माझं मत विचाराल तर त्या कोटानंच रेंजरची वाट लावली.

मूळचा रेंजर निव्वळ बंदूकवाला नव्हताच. १९८८ चा वेस्टलँड हा गेम बघा. अणुयुद्ध होतं तेव्हा अमेरिकी लष्कराचे काही इंजिनिअर वाळवंटात पुलाबिलांच्या कामावर असतात, म्हणून वाचतात. म्हणजे डेझर्ट रेंजर ही आपल्या भाषेत बांधकाम खात्याची माणसं! फार सोवळीही नाहीत बरं का. राहायला जागा हवी म्हणून तुरुंग ताब्यात घेतात अन् कैद्यांना वाळवंटात हाकलतात.

पुढं सगळं गोळ्यांवर आलं. मेट्रो नावाच्या गेमवाल्यांनी तर खेळायच्या सगळ्यात अवघड मोडलाच 'रेंजर' नाव दिलं. टंचाई कशाची? गोळ्यांची. न्यू वेगसमध्ये निदान भांडण हूवर धरणावरून आहे. नाथसागरात वरून पाणी सोडायचं की नाही हा वाद दर दुष्काळात ऐकणाऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

वेस्टलँड २ मी खेळलो २०१६ च्या एप्रिलात, लातूरमध्ये. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तो महिना. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर आलं, तर लोक स्टेशनवर नुसतं बघायला गेलेले. गेम सुरू होतो न होतो तोच आपल्या रेंजरांना रेडिओवर दोन हाका येतात: एक हायपूलची, तिथून पाणी येतं, दुसरी एजी सेंटरची, तिथं अन्न पिकतं. वाचवता येतं एकच. मी क्षणभरही विचार न करता हायपूलला निघालो. लातूरचा माणूस दुसरं काय करणार? मग एजी सेंटरची माणसं रेडिओवर ओरडत राहिली. मी आवाज बारीक केला.

तेवढ्यात आई आली. "काय करूलालास रे त्या डब्यात तोंड घालून? टँकर आलाय, घागरी काढ."

टँकर एक, गल्ल्या दोन. पाइप धरणारा मामा बनियनवर, खांद्यावर टॉवेल. "आधी वरची गल्ली," एवढंच बोलला अन् आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. बायकांनी त्याला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं एकदाही मागं बघितलं नाही. वरची गल्ली झाली, आमच्या वाट्याला तळाचं गढूळ आलं, तेही निम्म्या घरांना. जाताना त्यानं आमच्याच ओट्यावर बसून पाणी मागितलं. आईनं दिलं, बडबडत दिलं.

त्याला कोट घातला असता तर उन्हानंच मेला असता.

परवा तोच गेम परत काढला. या खेपेला मुद्दाम एजी सेंटरला गेलो. हायपूलवाले रेडिओवर बोलायला लागले तसा लॅपटॉप मिटला. अजून उघडलेला नाही.