सोळा ऑगस्टच्या दिनविशेषाबद्दल

आमच्या भागातील शाळांत परिपाठाला दिनविशेष वाचण्याची पद्धत जुनी आहे आणि ती टिकावी, असेच मला वाटते. माझी तक्रार आहे ती सकाळी मोबाइलवर आलेला मजकूर जसाच्या तसा फळ्यावर उतरवून घेण्याबद्दल. १६ ऑगस्टच्या मजकुरात १८८६ साली रामकृष्ण परमहंसांनी देह ठेवला, १९६० साली सायप्रस स्वतंत्र झाला, १९७७ साली अमेरिकन गायक एल्व्हिस प्रेस्ली वारला आणि २०१८ साली अटलबिहारी वाजपेयी गेले, हे सारे एका दमात येते. त्यातच कुठेतरी ‘१९४२ : चिमूर-आष्टीचा उठाव’ एवढी एक ओळ असते. वाचणारी मुलगी सायप्रसवर अडखळते. चिमूरवर अडखळण्याचे कारण नाही, तिची मावशी तिथेच दिलेली आहे.

यादीतल्या बहुतेक घटनांना जोडणारे तारखेपलीकडे काहीच नाही. चंद्रपूर जिल्ह्यातले चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातले आष्टी ही शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावरची दोन गावे मात्र एकाच दिवशी पेटली, तो निव्वळ योगायोग नव्हता. ८ ऑगस्टला मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्याच पहाटे गांधीजींसह सारे मोठे नेते पकडले गेले आणि ती खबर खेड्यापाड्यांत पोचून मुरेपर्यंत आठवडा उलटला. १६ तारखेचा रविवार नागपंचमीचा होता. त्या दिवशी आपल्याकडे कोणी नांगर-वखर धरत नाही, त्यामुळे माणसे गावातच असतात. त्यातून चिमूरचा परिसर तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरील भजनांनी आधीच तापलेला होता. ही तिथी दिनविशेषात कधीच येत नाही आणि ती गाळली की दोन्ही गावांचा एकच दिवस का, याचा अर्धा उलगडा नाहीसा होतो.

चिमुरात मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि बालाजी रायपूरकर हा कोवळ्या वयाचा मुलगा मारला गेला. चिडलेल्या जमावाने प्रांताधिकाऱ्यासह सरकारी माणसांचे जीव घेतले. आष्टीत पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघालेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. तिथेही दोन्हीकडची माणसे पडली. मारल्या गेलेल्या पोलिसांबद्दल आपण भाषणांत बोलत नाही. ते मुलांना सांगायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याहून अधिक टाळले जाते ते पुढचे. उठावानंतर चिमुरात लष्कर आले आणि बायकांवर अत्याचार झाले. त्यांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या आश्रमातले प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवसांचा उपवास केला, जो १९४३ च्या जानेवारीत सुटला. खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या आणि त्या रद्द व्हाव्यात म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले. तारीख १६ ऑगस्टची, पण प्रकरण काही वर्षे चालले. एका ओळीच्या दिनविशेषात ते बसणार कसे?

काही शिक्षकमित्र म्हणतात की यादी स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडते. पडत असेलही, पण त्यासाठी मार्गदर्शिका बाजारात मिळतात. परिपाठाच्या त्या पाच मिनिटांत निदान १६ ऑगस्टला तरी एल्व्हिस आणि सायप्रस वगळावेत आणि फळ्यावर तारखेखाली ‘श्रावण शुद्ध पंचमी’ लिहून चिमूर-आष्टीची हकीकत सलग सांगावी, एवढीच शिक्षकांना विनंती आहे.