पिन नानांकडे आहे

आमच्या घरातल्या थर्मोस्टॅटला, म्हणजे घर किती गरम ठेवायचं ते ठरवणाऱ्या डबड्याला, चार आकडी पिन आहे आणि तो मला माहीत नाही. सासऱ्यांना, म्हणजे नानांना, माहीत आहे. घराचे हप्ते मी भरतो, विजेचं बिल माझ्या खात्यातून जातं, भिंतीवरचं ते पांढरं डबडंसुद्धा माझ्याच पैशांचं. आज सकाळी साडेसहाला मी त्याच्यापुढे स्वेटर, स्वेटरवर जाकीट आणि डोक्यावर माकडटोपी अशा थाटात उभा होतो. आकडा होता १९.५. आत नाना गंजीफ्रॉकवर चहा उकळत होते.

आम्ही इंग्लंडात, रेडिंगला राहतो. घर १९३०च्या दशकातलं. गॅसचा बॉयलर म्हातारा झालेला, आणि इथलं सरकार तो काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारं विजेवरचं यंत्र) लावला तर ७,५०० पौंड अनुदान देतं. अनुदान हा शब्द कानावर पडला की सांगली जिल्ह्यातल्या माणसाला ठिबक सिंचन आठवतं. तो आधी अर्ज करतो, मग शेत कुठं आहे ते बघतो. मीही तेच केलं. एक माणूस येऊन प्रत्येक खोली, खिडकी, दार मोजून गेला. बॉयलरचं पाणी सत्तर अंशांवर यायचं, पंपाचं पंचेचाळीसवर येणार, म्हणून हे पाणी फिरवून खोल्या तापवणाऱ्या नऊ रेडिएटरपैकी सहा बदलून दुप्पट जाडीचे घ्यायचे, असं म्हणाला. शिवाय गरम पाण्याची २०० लिटरची टाकी हवी. ती बसली वरच्या कपाटात. तिथं आमचे फराळाचे डबे, दोन सुटकेस आणि गणपतीचं मखर असायचं. ते सगळं आता माझ्या पलंगाखाली आहे. रात्री कूस बदलली की मखराचा कळस करकरतो.

पाच दिवसांचं काम आठ दिवस चाललं. मधेच नरक चतुर्दशी. घरात ना हीटिंग, ना गरम पाणी. पहाटे पाचला मी चहाच्या किटलीत पाणी तापवून अभ्यंगस्नान केलं. पावणेदोन लिटरची किटली. एका किटलीत उटणं निघत नाही, आणि दुसरी तापेपर्यंत पहिलीचं पाणी गार होतं. बाहेरून नाना म्हणाले, "आमच्या बंबात एवढ्यात चौघांच्या आंघोळी झाल्या असत्या." मी दात वाजवत होतो, म्हणून उत्तर देता आलं नाही.

आता नानांबद्दल. नाना सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत. तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये एकोणतीस वर्षं प्लांट ऑपरेटर होते. अमोनियाचा प्लांट. गळती कुठल्या व्हॉल्व्हला आहे हे नुसत्या वासावरून सांगायचे, असं सासूबाई सांगायच्या. मला ती सासरची नेहमीची अतिशयोक्ती वाटायची.

पहिल्या दिवशी मागच्या अंगणात ती पंख्याची पेटी उतरली. दोन महिने व्हिडिओ बघून माझी तयारी झाली होती, आणि कुणालातरी समजावून सांगायची फार हौस होती. म्हटलं, "नाना, यातली गंमत अशी की बाहेरची हवा थंड असली तरी तिच्यात उष्णता असतेच, ती शोषून घेऊन..." नानांनी चष्मा कपाळावर सरकवला, पेटीला एक प्रदक्षिणा घातली, मागची कॉइल बोटानं चाचपली.

"फ्रिज उलटा बसवलाय," म्हणाले आणि चहाला गेले.

दोन महिने. तीन शब्द.

बसवायला आलेला मेस्त्री (त्याला हे नाव नानांनीच दिलं) उत्तरेकडचा, पंचविशीतला, लांबुळका. त्याचे उच्चार मला चौदा वर्षं या देशात काढूनही कळत नाहीत. तो काही बोलला की मी "सॉरी?" म्हणतो, तो तेच पुन्हा मोठ्यानं म्हणतो आणि मग मी समजल्यासारखी मान हलवतो. अशीच मान हलवल्यामुळे जिन्याखालच्या भिंतीला वेगळ्याच जागी भोक पडलंय. नानांना इंग्रजी जेमतेम. म्हणून मी दुभाषी म्हणून दोघांच्या मधे उभा राहिलो.

"काँप्रेसर?" नानांनी पेटीकडे बोट केलं.

"इन्व्हर्टर," मेस्त्री म्हणाला.

"गॅस?"

"प्रोपेन."

नानांचे डोळे विस्फारले. माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, यांनी आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ भरलाय की हो आत! आम्ही अमोनियाला घाबरून मास्क लावायचो." मग पुन्हा मेस्त्रीकडे. "सुपरहीट?"

मेस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. पुजाऱ्याला चुकून एखाद्या परदेशी माणसाच्या तोंडून अथर्वशीर्ष ऐकू यावं तसा त्याचा चेहरा झाला. मागच्या कुंपणावरून पलीकडच्या आजी वाकून बघायला लागल्या. मेस्त्रीनं मोबाइल काढून नानांना आकडे दाखवले. नानांनी एका आकड्यावर बोट ठेवून "नो नो" केलं. तो हसला, वाकला आणि खरंच काहीतरी बदललं. काय बदललं हे मी दोघांना दोन भाषांत विचारलं. दोघांनी मला दोन भाषांत सांगितलं की विशेष काही नाही.

शेवटच्या दिवशी नानांनी चालू पेटीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली स्टीलची वाटी ठेवली. पाणी हिंदकळलं तर बैठक चुकली. दोघं उकिडवे बसून त्या वाटीकडे बघत राहिले, पाच मिनिटं, एक शब्द न बोलता. एक थेंब सांडला नाही. मेस्त्रीनं वाटीचा फोटो काढला. नंतर आल्याचा चहा झाला, चकल्या झाल्या. आधी चार, मग "वन मोर" करत सात. माझ्याशी तो माणूस आठ दिवसांत एकच वाक्य बोलला. गाडी जरा पुढे घ्याल का.

या यंत्राची कल्पना काही नवी नाही. लॉर्ड केल्व्हिननं १८५२ सालीच ती मांडली होती. म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडी धावायच्या आदल्या वर्षी. तेव्हापासून आगगाडी कुठल्या कुठं गेली आणि हे अजून "नवं तंत्रज्ञान" म्हणूनच मला विकलं जातंय, ही तक्रार मी नानांकडे केली. "साहेबाला तेव्हा कोळसा स्वस्त होता," नाना म्हणाले.

यंत्र सुरू झालं आणि खरी फजिती पुढेच होती. गॅसच्या रेडिएटरला हात लावला की हात मागे यायचा. आता हात लावला तर लावून ठेवावासा वाटतो. नानांनी तळवा टेकवून निदान केलं, "याला ताप आलाय नुसता." मी काय केलं, थंडी वाजली की थर्मोस्टॅट चोविसावर नेला, झोपताना बंद केला, सकाळी पुन्हा चोवीस. गॅसवर चौदा वर्षं हेच केलं होतं. पण पंपाला ही धावपळ मानवत नाही. बाहेरचा गारठा बघून तो स्वतःच पाणी कमी-जास्त तापवतो, मंद आचेवर दिवसरात्र. मी मधेमधे ढवळाढवळ केल्यावर घर गारच राहिलं आणि पहिल्या महिन्याचं बिल बघून मला घाम फुटला. त्या महिन्यात आलेला तेवढाच घाम.

बिलाबद्दल मात्र मला खरोखर राग आहे. एक युनिट वीज खाऊन तीन युनिट उष्णता देतं, हे सगळे सांगतात, आणि ते खरंही आहे. पण या देशात विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट महाग आहे, हे सांगताना सगळ्यांना खोकला येतो. तिप्पट मिळवायचं आणि चौपट मोजायचं! बरोबरी झाली तरी पावलं. शिवाय जिन्याखालच्या भोकावर लिंपलेलं प्लास्टर एका रंगाचं आणि भिंत दुसऱ्या. "रंगवून देऊ" म्हणाले होते. कधी, ते म्हणाले नव्हते.

घर गरम होत नाही म्हणून तक्रार केली, तेव्हा मेस्त्री पुन्हा आला. त्यानं यंत्रातली नोंद उघडली. अकरा दिवसांत त्रेचाळीस वेळा सेटिंग बदललं होतं. त्यानं आकडा नानांना दाखवला. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतलं प्रगतिपुस्तक आठवलं. "कोल्ड स्टोरेजचं दार सारखं उघडणाऱ्या हमालाला आम्ही काय करायचो माहितीये?" त्यांनी विचारलं. मी विचारलं नाही. दोघांनी डोकं जवळ आणून काहीतरी टिपटिप केलं आणि पिन बसला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, बाबांना विचार ना." मुलीला तर पिन कळलाही असावा, कारण ती माझ्याकडे बघून हसते आणि पळते.

परवा पहाटे उणे दोन होतं. पंपातून वाफेचा लोट निघाला आणि पलीकडच्या आजी आग लागली म्हणून दार वाजवत आल्या. मी मोबाइल शोधेपर्यंत नाना गंजीफ्रॉकवरच बाहेर. "डीफ्रॉस्ट, मॅडम. नो फायर." आजींनी त्यांचे आभार मानले आणि माझ्या माकडटोपीकडे बघून तब्येत विचारली.

तर आज सकाळी. किचनमधून स्टोव्हवर पातेलं सरकवल्याचा आवाज आला. मी हळूच थर्मोस्टॅटवर नानांचं जन्मवर्ष टाकलं. बीप. त्यांच्या लग्नाचं टाकलं. बीप.

"जावईबापू," आतून आवाज आला, "तिसरा चुकला की पंधरा मिनिटं बंद होतं हां. चहा घ्या आधी."