निळी गाठ आणि संत्र्याच्या सालीचा काढा

आमच्या धरमपेठेतल्या भिशीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘अन्ननलिकेत रक्ताची गाठ म्हणजे कॅन्सरची पहिली पायरी. दुर्बीण घालू नका, गाठ फुटते. संत्र्याच्या सालीचा काढा घ्या, २१ दिवसांत विरघळते.’

आधी ‘विरघळते’चं बघू. या गाठीला हिमॅन्जिओमा म्हणतात. ते साकळलेलं रक्त नसतं, रक्तवाहिन्यांचाच गुंता असतो. काढ्यानं विरघळायला तिथं आहे काय? (सालींचं म्हणाल तर नागपुरात त्यांना तोटा नाही, एवढंच.)

कॅन्सरची पायरी? नाही. ही साधी गाठ, आणि दुर्मीळ: अन्ननलिकेतल्या साध्या गाठींत जेमतेम २ ते ३ टक्के.

दुर्बिणीचा मुद्दा मात्र नीट बघायला हवा, कारण त्यात पाव आणा खरं आहे. माझ्या मावशीची ॲसिडिटीसाठी एंडोस्कोपी झाली तेव्हा डॉक्टरांनी मला व्हिडिओ दाखवला. गुलाबी भिंतीवर जांभळाएवढा निळसर फुगवटा. चिमट्याच्या बंद टोकानं दाबला की चेपायचा, सोडला की परत भरायचा. तुकडा काही त्यांनी घेतला नाही. रक्तस्राव होऊ शकतो तो तुकडा काढल्यानं, नुसतं बघितल्यानं नव्हे. पुढं दुर्बिणीतूनच सोनोग्राफी केली. गाठ भिंतीच्या कोणत्या थरात आहे ते त्यात दिसतं. लिव्हर खराब झालं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, त्याही अशाच निळ्या दिसतात आणि त्यांचा उपचार निराळा. न बघता हे ओळखणार कसं?

मावशीची गाठ लहान, त्रास काही नाही. म्हणून तशीच ठेवलीय, अधूनमधून तपासायचं. घास अडकू लागला किंवा रक्त जाऊ लागलं तर दुर्बिणीतूनच गाठ काढतात, नाहीतर इंजेक्शन देऊन किंवा लेझरनं आक्रसवतात. फार मोठी किंवा खोल असेल तर ऑपरेशन. पण रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी संडास झाली तर काढा उकळत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

मेसेज टाकणाऱ्या भाऊजींना रविवारी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर गाठलं. तंबाखू-सुपारीनं अन्ननलिकेचाही कॅन्सर होतो, हेही सांगितलं. ‘असं का?’ म्हणाले, आणि तळहातावरची खर्र्याची पन्नी घोटतच राहिले.