पाढे पाठ आहेत, मग काड्या कशाला?

"आमच्या वेळी मणी-काड्यांचे खेळ नव्हते. तीसपर्यंत पाढे पाठ, गणित पक्कं! आता शाळेत नुसता खेळ. ही महागडी परदेशी थेरं बंद करा, पोर्शन पूर्ण करा." अशा अर्थाचा मेसेज जूनमध्ये पालकांच्या ग्रुपवर फिरतोच. मी साताऱ्याकडे प्राथमिकच्या वर्गावर शिकवते, म्हणून उत्तर देते आहे.

पाढे पाठ म्हणजे गणित पक्कं? पाढे हवेतच, माझ्या वर्गात रोज म्हणतो. पण बाराचा पाढा घडाघडा म्हणणारी तिसरीतली मुलगी 52 वजा 27 चं उत्तर 35 लिहिते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन काढले. हातच्याची रीत दहादा सांगून झाली होती. शेवटी तिच्यापुढे खराट्याच्या काड्या ठेवल्या: दहा-दहाचे रबर लावलेले पाच गठ्ठे, दोन सुट्या. म्हटलं, यातल्या सत्तावीस मला दे. दोन गठ्ठे लगेच दिले. सात सुट्या कुठून आणणार? बराच वेळ रबराशी चाळा करत बसली, मग म्हणाली, "बाई, एक गठ्ठा सोडू?" त्या दिवशी तिला हातचा कळला. त्रेचाळीस ऐकताना आधी तीन येतात, मग चाळीस, म्हणून 34 लिहिणारी मुलंही दरवर्षी असतात. चार गठ्ठे, तीन सुट्या समोर असल्या की चूक त्यांची त्यांनाच दिसते.

परदेशी थेरं? मूळ विचार इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींचा, हे खरं. पण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हाताशी घेतले. खर्चाच्या तक्रारीलाही हेच उत्तर.

राहिला पोर्शन. बाईंनी टेबलावर प्रयोग करायचा आणि मुलांनी लांबून बघायचा, यात वेळ फुकट जातो, हे मला मान्य आहे. प्रयोग मुलांच्या हातात हवा. "दुपारी बाराला सावली सर्वांत लहान" हे चौथीतल्या सगळ्यांना पाठ होतं. जानेवारीत मैदानात खुंटी रोवली, दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवला. बारा वाजले तरी सावली आखडतच होती. सर्वांत जवळचा खडा पडला पावणेएकच्या सुमारास. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरच्या वेळेवर चालतं, आपण त्याच्या साडेआठ अंश पश्चिमेला, सूर्य अंशाला चार मिनिटं उशिरा मध्यावर येतो, म्हणजे 34 मिनिटं. उरलेली काही मिनिटं ऋतूप्रमाणे कमीजास्त होतात. दोन तास गेले, पण त्यात भूगोल झाला, मोजमाप झालं, गुणाकारही झाला.

मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि खुंटीची सावली क्षणभर नाहीशी होते. तेव्हा शाळेला सुट्टी असते, म्हणून खुंट्या आपापल्या अंगणात रोवायचं पोरांनीच ठरवलंय.