गाडी माझी, तेलविहिरी त्यांच्या

गेली पाचसहा वर्षे मी सकाळी कचेरीला जाताना आमच्या इमारतीतील दोन ज्येष्ठांना वाटेवरच्या ग्रंथालयापाशी सोडतो आणि संध्याकाळी घेऊन येतो. तळमजल्यावरचे अण्णा गुडघे दुखतात म्हणून पुढे बसतात. तिसऱ्या मजल्यावरचे नाना मागे बसतात, कारण अण्णांच्या पक्षाच्या माणसाशेजारी बसणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही. ग्रंथालयात फुकटची वर्तमानपत्रे वाचायची आणि माझ्या गाडीत ती एकमेकांच्या अंगावर फेकायची, हा दोघांचा नेम आहे. पेट्रोलवर या गाडीत जेवढी चर्चा झाली आहे, तेवढी संसदेतही झाली नसेल. ते भरायचे कोणी, हा मुद्दा मात्र अद्याप कार्यक्रमपत्रिकेवर आलेला नाही.

अण्णांचे म्हणणे साधे आहे. आपल्या जमिनीखाली आणि समुद्राखाली अमाप तेल आहे, ते काढले की पेट्रोल स्वस्त होईल, आणि आजवर ते न काढणाऱ्यांत नानांचा पक्ष अग्रभागी होता. पुराव्यादाखल ते दर सोमवारी आसाममधील दिग्बोईची कथा सांगतात. तेथे जंगलातून आलेल्या हत्तीच्या पायाला तेल लागलेले दिसले, १८८९ साली विहीर खणली गेली आणि १९०१ साली शुद्धीकरण कारखानाही उभा राहिला. ही हत्तीची गोष्ट दंतकथा असावी, असे मी एकदा सुचवून पाहिले. "जे हत्तीला सापडतं, ते आपल्या अधिकाऱ्यांना सापडू नये?" एवढेच उत्तर मिळाले.

नानांचा भर मुंबई हायवर असतो. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजावजा मंचावरून तेथे तेल लागले, तेव्हा सरकार कोणाचे होते, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. त्यावर अण्णा म्हणतात की, मग आता तिथले उत्पादन का घटले? तेव्हा नानांनी एकदा अत्यंत शास्त्रशुद्ध उत्तर दिले. तेलक्षेत्र म्हातारे झाले की दाब उतरतो आणि विहिरीतून तेलापेक्षा पाणीच जास्त निघू लागते, असे ते म्हणाले. यात काहीही चूक नव्हते. दुर्दैवाने आदल्याच आठवड्यात डॉक्टरांनी अण्णांच्या गुडघ्यातून पाणी काढले होते. त्यानंतर तीन दिवस गाडीत जी शांतता नांदली, ती मी अजून विसरलेलो नाही.

चौथ्या दिवशी नानांनी बैलगाडी आणली. १९७३ साली पेट्रोल महागले, तेव्हा वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. ते बैल सध्या कोठे असतात, अशी पृच्छा त्यांनी मागच्या सीटवरून केली. अण्णांनी तेलरोखे काढले. तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी सरकारी रोखे देऊन पेट्रोल उधारीवर स्वस्त ठेवायचे आणि बिल पुढच्या सरकारच्या हाती द्यायचे, याला अर्थशास्त्र म्हणत नाहीत, असे ते म्हणाले. नानांनी उत्पादन शुल्क काढले. अण्णांनी राज्याचा व्हॅट काढला, जो त्या शुल्कासकट झालेल्या किमतीवर आकारला जातो. या करावरच्या करापाशी दोघांचे जवळजवळ एकमत होऊ घातले होते. परंतु राज्यात त्या वेळी कोणाचे सरकार होते, हे दोघांनाही एकदमच आठवले.

२०२२ सालचा मार्च तर मी आयुष्यात विसरणार नाही. पेट्रोलचे दर रोज सकाळी सहाला बदलण्याची पद्धत २०१७ पासून असूनही, पाच राज्यांच्या निवडणुका होईपर्यंत ते १३७ दिवस जागचे हलले नव्हते, आणि मग सोळा दिवसांत चौदा वेळा वाढून दहा रुपयांनी वर गेले. बहुतेक दिवशी वाढ ऐंशी पैशांची असे. नाना ती सकाळी जिन्यातच जाहीर करीत आणि अण्णा तिला युक्रेनच्या युद्धाचे नाव देत. ती भरण्याचे काम माझ्याकडे होते.

एकदाच मी मध्ये बोलण्याचा प्रमाद केला. आपण कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो. ही आयात २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य २०१५ साली ठरले होते आणि प्रत्यक्षात ती वाढली. शिवाय जे तेल येथे निघते, तेही शुद्धीकरण कारखान्यांना आंतरराष्ट्रीय बाजाराच्याच हिशेबाने विकले जाते, त्यामुळे उद्या आपल्या इमारतीच्या आवारात कारंजे उडाले, तरी परकीय चलन वाचेल, पंपावरचा आकडा मात्र फारसा हलणार नाही, असे मी सिग्नलपासून उड्डाणपुलापर्यंत समजावून सांगितले. गाडीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग अण्णा म्हणाले, "तुम्ही रस्त्याकडे लक्ष द्या." मागून नाना म्हणाले, "अगदी बरोबर." माझ्या माहितीत त्यांचे हे एकमेव मतैक्य.

गेल्या आठवड्यात परतताना अंदमानचा विषय निघाला. अण्णांच्या मते तेथील समुद्रात प्रचंड साठे आहेत. नानांच्या मते खोल समुद्रात एकेका विहिरीला शेकडो कोटी लागतात आणि ती कोरडी निघाली की सगळे पाण्यात. आम्ही इमारतीच्या फाटकाशी पोचलो, तरी निकाल लागेना. अण्णांनी दार अर्धे उघडून एक पाय बाहेर ठेवला होता, एसी चालू होता, इंजिन चालू होते आणि देश इंधनाची किती नासाडी करतो, यावर नाना बोलत होते. पंचवीस मिनिटांनी काट्याजवळचा पिवळा दिवा लागला. गाडी आताच पंपावर न्यावी लागेल, असे मी म्हणताच अण्णांनी पाय आत घेतला आणि दार लावून घेतले. मुद्दा अर्धवट राहिला होता.

पंपावरच्या मुलाने नळी लावली आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, "झिरो बघा, साहेब." तेवढ्यात अण्णांचा हात सावकाश खिशाकडे गेला. इतक्या वर्षांत प्रथमच. मी श्वास रोखून धरला. नानांनीही मागून मान पुढे काढली. अण्णांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि खिडकीतून यंत्राकडे नीट पाहून म्हणाले, "हो, झिरोच आहे."

"तुमच्या अंदमानातही तेवढंच निघणार," नाना म्हणाले.